साहेब आला की डावी वाट

उंबरदरीच्या नामाजीला खोटं बोलता येत नाही, असं आखाडा बाळापूरच्या बाजारात कुणीही सांगितलं असतं. शेळी विकायला आणली, तर तिचं कुठलं थान बारीक आहे, कोणत्या वेताला पिल्लू दगावलं, हे गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच हा सांगून मोकळा. बायको सत्यभामाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "अवो, तुमी इकायला आलाव का मोडता घालायला?" म्हणायची. बाजारातले व्यापारी मात्र त्याच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे. तर असा माणूस आयुष्यात एकच खोटं बोलला आणि ते असं मन लावून बोलला, की निस्तरता निस्तरता बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. तीच गोष्ट सांगतो.

उंबरदरी म्हणजे गाव नव्हे, वस्ती. बाळापूरपासून कळमनुरीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी धनगरांची मूठभर घरं. वस्तीमागून एक बैलगाडीची वाट डोंगरावर चढते. अर्ध्यावर एक मोठा काळा दगड आहे, तिथं ती संपते आणि पायवाटेचे दोन फाटे फुटतात. डावी वाट माळावर जाते. तिथं बोरी, तरवड, टणटणी, मध्येच एखादा खुरटलेला पळस, बाकी सगळा मुरूम. उजवी वाट ओढा ओलांडते, कड्याच्या आड वळते, आणि वळलं की समोर आंजनखोरं.

ज्यानं आंजन पाहिलेलं नाही त्याला काय सांगावं! पान कसं, तर शेळीच्या खुरासारखं, मधोमध चिरलेलं. लाकूड असं की कुऱ्हाडीची धार रडते. आणि चैत्रात, जेव्हा माळावर हिरवं म्हणून औषधालाही सापडत नाही, तेव्हा आंजनाला तांबूस कोवळी पालवी फुटते. खोऱ्यात आंजनाशिवाय दुसरं झाड शोधावंच लागतं. कड्यापासून ओढ्यापर्यंत आंजनच आंजन, जुनीपुराणी, एकेकाचा बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. वस्तीच्या शेळ्या उन्हाळा काढत त्या ह्या खोऱ्याच्या जिवावर.

पण खोऱ्याचे कायदेही तसेच होते. पाडव्याच्या आधी तिथं शेळी घालायची नाही. कुऱ्हाड ओढ्याच्या अलीकडेच ठेवायची. पाला काढायचा तो आकडीनं, म्हणजे लांब काठीला बांधलेल्या विळीनं, आणि तोही बाजूच्या फांदीचा. शेंड्याला हात लावायचा नाही. नुकत्याच व्यायलेल्या शेळीसाठी मात्र बारा महिने सूट, काखेत मावेल तेवढा पाला आणावा. आणि सगळ्यात मोठा कायदा असा, की खोऱ्याचं नाव वस्तीबाहेर काढायचं नाही.

हा शेवटचा कायदा नामाजीच्या बापाच्या पिढीनं केला. निजामाच्या काळात पलीकडच्या डोंगरावरही असंच एक आंजनाचं रान होतं. साखळी घेऊन मोजणीवाले आले, तेव्हा बापानं हौसेनं त्यांना ते दाखवलं. पुढच्या वर्षी कोळसा पाडणारा ठेकेदार आला आणि रानाची राख झाली. बाप मरेपर्यंत ते विसरला नाही. नामाजी हातात काठी धरून चालायला लागला तेव्हापासून बाप त्याला काळ्या दगडापाशी उभा करून घोकून घ्यायचा, "साहेब आला की कोन्ती वाट, लेकरा?" आणि पोरगं म्हणायचं, "डावी." दुसरं काही त्याला बापानं शिकवलं नसेल, पण एवढं अंगात भिनवलं.

मग परभणीतून हिंगोली वेगळी झाली, नवा जिल्हा झाला, त्याच हिवाळ्यात एक जीप वस्तीवर आली. जीप चालवत होता कळमनुरीचा कलीम, सदा पान चघळणारा. मागून उतरल्या मोहिनीबाई. परभणीच्या एका कॉलेजात झाडांचा विषय शिकवायच्या, तिशीच्या आतबाहेरच्या, पायात कापडी बूट, डोक्याला रुमाल. नव्या जिल्ह्यातल्या रानांची वर्गवारी करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. कोणत्या डोंगरावर कोणत्या जातीचं रान, ते ठरवून नकाशात रंग भरायचे. वनखात्यालाही तो नकाशा हवा होता. वाट दाखवायला, दोरी धरायला माणूस पाहिजे होता. बाळापुरात विचारलं तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. नामाजीला न्या, तो खोटं बोलत नाही.

नामाजीला जायचं नव्हतं. पण नाही म्हटलं तर दुसरा कुणी जाईल आणि तो भलतीकडे नेईल. त्यापेक्षा आपण बरे. काळ्या दगडापाशी आल्यावर त्याचे पाय आपोआप डावीकडे वळले.

काम मजेशीर होतं. बाई रानात एक जागा धरायच्या. चार खुंट्या, चौफेर दोरी, झाली चौकट. मग चौकटीतलं एकेक झाड, झुडूप, गवत मोजायचं, बुंध्याला फीत लावायची, ओळखू न येणारं पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवायचं. पुन्हा पुढं दुसरी चौकट. पहिल्यांदा नामाजीला वाटलं, बाई शिकलेली आहे पण डोक्यानं अधू आहे. नुसतं डोंगराकडं पाहिलं तरी कळतंय की रान कसं आहे, दोऱ्या कशाला लावायच्या? एकदा त्यानं विचारलंच.

"काका, झाडं एकेकटी राहत नाहीत," बाई म्हणाल्या. "कुणाच्या शेजारी कोण राहतं ते बघायचं. धावडा आहे तिथं मोईन सापडते, सालई सापडते. पळस आहे तिथं दुसरीच मंडळी. अशा पुष्कळ चौकटी घेतल्या की कळतं, हे घराणं वेगळं, ते वेगळं."

"म्हंजी गल्ल्याच म्हना की," नामाजी म्हणाला. "बाळापुरात कशी कासारांची गल्ली, तांबोळ्यांची गल्ली."

बाई खूश झाल्या. "बरोब्बर! रानातल्या गल्ल्या शोधायच्या." मग त्या दोघांचं ते ठरूनच गेलं. नवीन ठिकाणी चौकट लावली की बाई विचारायच्या, "काय काका, गल्ली तीच का बदलली?" आणि नामाजी हसून सांगायचा. खरं सांगायचं तर त्याला ते काम आवडायला लागलं. बाई भाकरी त्याच्याच ओटीवर बसून खायच्या, सत्यभामाबाईच्या हातच्या ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढायच्या आणि पुन्हा मागायच्या. आणि जसजशी बाई आवडायला लागली, तसतसा नामाजीच्या काळजात काटा रुतायला लागला.

कारण चौकटीच्या जागा बाई मनानं धरत नव्हत्या. नकाशावर आधीच ठिपके पाडून आणले होते. ठिपका पडेल तिथं जायचं, मग खड्डा असो की काटे. आणि काही ठिपके ओढ्याच्या उजव्या अंगाला पडले होते.

"आता तिकडं," बाई काळ्या दगडापाशी थांबून म्हणाल्या.

"तिकडं न्हाई जमायचं, बाई."

"काहून?" बाईंनीही आता इथली बोली उचलली होती.

नामाजीनं कड्याकडं बोट केलं. मग म्हणाला, "आग्या मोहोळ हाय. कड्याला लागलेलं. एक न्हाई, मायंदाळ. मागं एका बैलाला फोडलं, जागच्या जागी मेला. आमी बी त्या वाटंनं जात न्हाई."

बैल मेला होता हे खरं. तो मेला होता सर्पदंशानं, आणि तोही वारंगा फाट्याच्या बाजूला. पण आग्या मोहोळाचं नाव काढताच कलीमनं जीपच्या काचा वर केल्या. "मॅडम, नक्को! मेरे मामू के पीछे लगे थे वो. तीन कोस भागे बिचारे!" बाई थोडा वेळ कड्याकडे पाहत राहिल्या. विश्वास ठेवावा असाच माणूस समोर उभा होता. त्यांनी ठिपक्यांसमोर लिहून ठेवलं, की आग्या मोहोळामुळं जायला वाट नाही, रान शेजारच्यासारखंच धरलं. आणि ते वाचूनही दाखवलं. नामाजीनं मान डोलावली. घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही.

"खोटं बोललाव?" सत्यभामाबाईनं विचारलं.

"व्हय."

"चांगलं केलंव," ती म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. ती खूश होती, नवरा आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काहीतरी बोलला म्हणून.

पण खोटं पचायला माणूस तसा लागतो. पुढच्याच आठवड्यात कबरी व्यायली. कबरी म्हणजे कळपाची म्होरकी, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली, सगळ्या शेळ्या तिच्यामागे. सत्यभामाबाईनं रीतीप्रमाणे खोऱ्यातून काखेत मावेल एवढा पाला आणला आणि तिच्यापुढे टाकला. तेवढ्यात बाई आल्या पाणी प्यायला. तांब्या तोंडाला लावता लावता थांबल्या. कबरीच्या तोंडातून एक डहाळी हळूच काढून घेतली, पान उलटंसुलटं पाहिलं.

"हे तर आंजन! काका, हे कुठून आणलं? मला अजून एकही आंजन सापडलेलं नाही."

सत्यभामाबाईनं मागचापुढचा विचार न करता सांगून टाकलं, "माझ्या भावानं आनलं, यवतमाळकडून. भारा बांधून आनला शेळीसाठी."

एका शेळीच्या बाळंतपणासाठी कुणाचा भाऊ यवतमाळहून पाल्याचा भारा आणतो का हो? पण बाई हसल्या. "भारी लाडाची शेळी दिसते," म्हणाल्या, आणि ती डहाळी वर्तमानपत्रात ठेवून दिली. नामाजीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. होळीच्या आधी काम आटोपलं. जाताना बाईंनी सत्यभामाबाईला लुगडं दिलं आणि नामाजीला वाकून नमस्कार केला. "तुमच्यामुळं हा डोंगर मोजून झाला, काका." तो नमस्कार त्याला तोंडात मारल्यासारखा लागला.

वर्ष सुखात गेलं. पाडव्याला खोरं उघडलं, शेळ्या धष्टपुष्ट झाल्या, काटा हळूहळू बोथट झाला. माणूस असाच असतो, संकट टळलं असं त्याला फार लवकर वाटतं.

पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस वनखात्याचा गार्ड धर्मसिंग मजूर घेऊन डोंगरावर आला. तांड्यावरचा माणूस, तोंडानं गोड, वस्तीशी उठबस असलेला. मजुरांच्या हातांत चुन्याची घमेली होती. माळावर त्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या. नामाजीला काही वाटलं नाही. माळाचं काय करायचं ते करा, असं म्हणत तो शेळ्यांमागं निघाला. मग पाहतो तर काय, मजूर ओढ्यात उतरून राहिले होते.

"गारडसाहेब! तिकडं कुठं?"

"सगळाच डोंगर घेतलाय, नामाजी," धर्मसिंग म्हणाला. "नवीन योजना आली. नकाशात ह्या अख्ख्या डोंगराला एकच रंग, निकृष्ट झुडपी रान. झुडपं काढायची, यंत्रानं चर मारायचे, सागाची रोपं लावायची. तुमच्याच पोरांना काम मिळंल की."

नामाजी धावत त्याच्यापुढं आडवा झाला. त्याला फक्त एकच सुचलं. "अवो, तिकडं आग्या मोहोळ हाय!"

"ठाऊक हाय. नकाशाच्या कागदात लिहिलंय ते. काही फिकीर नको. आधी पेटवून देऊ, धूर झाला की जातंय मोहोळ. वाळलेलं रान, एका काडीत काम."

अरे देवा! मोहोळ तर तिथं कधीच नव्हतं. स्वतःच्या तोंडानं सोडलेली ती माशी आता आग घेऊन परत आली होती. बापाच्या काळात रानाची राख झाली ती दाखवल्यामुळं, आणि ह्याच्या हातानं होणार होती ती लपवल्यामुळं. नामाजी तिथंच खाली बसला. धर्मसिंगनं पाणी दिलं, विचारलं काय झालं, पण त्याला सांगता येईना. काय सांगणार? कडा वळून चार पावलं पुढं जा आणि बघा, असं म्हणायला तोंड उघडलं, तर आतून बाप म्हणायला लागला, कोन्ती वाट, लेकरा?

"पेटवनार कधी?" एवढंच त्यानं विचारलं.

"होळी होऊ दे. मग यंत्र येनार."

दुसऱ्या दिवशी नामाजीनं धुतलेलं धोतर नेसलं आणि बाळापूरच्या स्टँडवर जाऊन परभणीची गाडी धरली. सत्यभामाबाई अडवत होती. वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांना विचार तरी, म्हणत होती. पण विचारलं असतं तर त्यांनी बापाचंच उत्तर दिलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

कॉलेजात बाई शिकवत होत्या. नामाजी दाराबाहेर उकिडवा बसून राहिला. बाहेर आल्यावर त्यांनी "काका!" म्हणून हाक मारली, ती एवढ्या आनंदानं, की त्याला वाटलं उठून पळून जावं. चहा सांगितला. चहा येईपर्यंत नामाजीनं सगळं ओकून टाकलं. डावी वाट, उजवी वाट, मोहोळ, बैल, मेव्हण्याचा भारा.

बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"मी तुमच्या ओटीवर बसून जेवत होते," त्या म्हणाल्या. "पान हातात धरून मी तुम्हाला विचारलं होतं. विचारलं होतं की नाही?"

"इचारलं होतं, बाई."

"मी नकाशा देऊन टाकला, काका! माझं नाव आहे त्याच्यावर. झुडपी रान म्हणून मी सही केलीय. तुमच्या भरवशावर! का केलंत असं? मी काय ठेकेदार होते?"

"न्हाई बाई. तुमी चांगल्या व्हता. म्हून तर लई तकलीफ झाली." नामाजीचे डोळे भरून आले. "पन आमाला तसंच शिकवलंय. चांगलं दिसलं की घेऊन जातेत. आमी दुसरं काही शिकलोच न्हाई."

चहा तसाच निवला. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नामाजीला वाटलं, आता ह्या हाकलून देतील, आणि दिलं तर बरोबरच आहे. बऱ्याच वेळानं त्या वळल्या. राग गेला नव्हता, पण हातात फीत होती.

"कलीमला निरोप धाडते," म्हणाल्या. "उद्या सकाळी काळ्या दगडापाशी थांबा."

सकाळी जीप आली. कलीमनं पान थुंकून विचारलं, "काकाजी, मोहोळ है के नै, एक बार पक्का बोलो." नामाजीनं मान खाली घातली. "नै है," म्हणाला. काळ्या दगडापाशी त्याचे पाय अडले. साठीकडे झुकलेला माणूस, पण उजवीकडे पाऊल टाकताना त्याला खरोखर भीती वाटली. मागं बाई होत्या. मग तो ओढा उतरला.

कडा वळल्यावर बाईंचा श्वास ऐकू आला. त्या वर पाहतच राहिल्या. आंजनाची जुनी पानं गळून गेली होती, नुसते काळपट खांब आणि शेंड्याला किंचित तांबूस झाक. एकाही झाडाचा शेंडा मोडलेला नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी खुंट्या काढल्या. दिवसभर दोघांनी दोऱ्या लावल्या. बाई कामापुरतंच बोलत होत्या. गल्ली तीच का बदलली, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि ते नामाजीला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

उन्हं कलताना सत्यभामाबाई भाकरी घेऊन आली. तिघं एका दगडावर बसली. बाईंनी भाकरी हातात धरली, पण खाल्ली नाही.

"ही गल्ली अगदी वेगळी आहे, काका," त्या म्हणाल्या. "जिल्ह्यात मला कुठंच सापडली नाही. मी नकाशा चुकला म्हणून लिहून देते. माझी काय ती शोभा होईल ती होऊ दे. एवढ्या चौकटी दाखवल्या की आग लावायचं थांबेल, यंत्र येणार नाही. पण पुढचंही सांगते, नंतर म्हणू नका की सांगितलं नाही. असं दुर्मीळ रान म्हणून कागदावर चढलं, की ते राखीव होणार. कुंपण पडणार. मग शेळी आत जाणार नाही. पाडव्यालाही नाही. व्यायलेली असली तरी नाही."

"बाई, ह्ये रान आमीच तर राखलंय," नामाजी म्हणाला. "शेळ्यांसकट राखलंय."

"मला दिसतंय. मी तेही लिहीन, आकडीचं, शेंड्याचं, सगळं. पण ते ऐकतील असं मी खोटं सांगणार नाही." खोटं हा शब्द त्यांनी मुद्दाम म्हटला नसेल, पण तिघांनाही तो ऐकू आला. "न लिहावं, तर होळीनंतर हे पेटणार. तिसरं काही माझ्या हातात नाही. तुमचं रान आहे. तुम्ही म्हणाल तसं करते."

नामाजीनं झाडांकडं पाहिलं, मग ओढ्यापलीकडं चरणाऱ्या शेळ्यांकडं. जन्मात पहिल्यांदा कुणी साहेब त्याला विचारून राहिला होता, आणि उत्तर द्यायची पाळी आली तर असली! खोरं गेलं तर उन्हाळ्यात शेळ्या जगत नाहीत. खोरं राहिलं तरी जगत नाहीत. बापाला विचारावं, तर बापाकडं डाव्या वाटेशिवाय उत्तर नव्हतं.

"लिव्हा, बाई," सत्यभामाबाई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं पाहिलं. ती भाकरीचं फडकं झटकत होती, कुणाकडं न बघता. "शेळ्या इकता येतेत. पुना घेता येतेत. ह्ये पुना कोन आनून देनार हाय? लिव्हा." मग तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. ओढ्यापर्यंत ती नीट गेली. ओढ्यात उतरल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. ते नामाजीला दिसलं.

बाईंनी लिहिलं. वरिष्ठांसमोर उभं राहून आपली चूक कबूल केली, बोलणी खाल्ली, पण नामाजीचं नाव घेतलं नाही. खोरं वाचलं. नव्या नकाशात डोंगराच्या एका कोपऱ्याला वेगळा हिरवा रंग पडला, आणि त्यावर नाव लिहिलं गेलं, आंजनखोरं. बाईंनी तो आणून नामाजीला दाखवला. जे नाव वस्तीबाहेर काढायचं नव्हतं ते आता सरकारी शाईत छापून आलं होतं. नामाजीनं त्या रंगावरून बोट फिरवलं आणि नकाशा परत दिला. आकडीचं आणि शेंड्याचंही बाईंनी सगळं लिहिलं होतं. ते कुणी वाचलं असेल, तर त्याचं पुढं काही झालं नाही. सिमेंटचे खांब आले, काटेरी तार आली, ओढ्याकाठी पाटी लागली.

वस्तीनं नामाजीला वाळीत टाकलं नाही, पण देवळापुढच्या बैठकीत त्याच्यासाठी जागा सरकवणं बंद झालं. तुझ्याच पायानं ती बाई आली आणि तुझ्याच पायानं तार आली, असं एक म्हातारा तोंडावर म्हणाला. कुणी बाळापुरात मजुरीला लागलं, कुणी शेळ्या कमी केल्या. त्यानंही केल्या. बाजारात जुना व्यापारी खाजा मिया शेळ्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "नामाजी, ह्या बारीला खोट न्हाई सांगितलीस?" नामाजी म्हणाला, "त्यांच्यात खोट न्हाईच, मिया." कबरी मात्र त्यानं ठेवली. ती विकायला सत्यभामाबाईनं साफ नकार दिला होता.

मग पुढच्या वर्षीचा पाडवा आला. दारात गुढी उभी राहिली. शेळ्या सोडल्या तशा त्या कबरीमागं वाटेला लागल्या, दरवर्षी लागतात तशा. वाऱ्यावर कोवळ्या पाल्याचा वास होता, माणसालाही येईल एवढा. काळ्या दगडापाशी कबरी न थांबता उजवीकडे वळली. तिच्यामागं सगळ्या.

नामाजी धावत पुढं गेला. ओढ्याच्या काठावर कबरी तारेपाशी उभी होती. पलीकडं आख्खं खोरं तांबूस फुटलं होतं. तिनं तारेतून मान घातली, काटा लागला, मान काढली, पुन्हा घातली. मग मागं वळून नामाजीकडं पाहून ओरडली. आजवर अडलेली वाट तिला त्यानंच मोकळी करून दिली होती. आताही करील, अशा भरवशानं ती ओरडत होती.

"चल गं बाई," तो म्हणाला. "चल. इकडं न्हाई जायचं." ती हलली नाही. त्यानं शिंग धरून ओढलं, तिनं पाय रोवले. बाकीच्या शेळ्या तारेला तोंडं लावून ओरडायला लागल्या. पाटीपाशी धर्मसिंग उभा होता. त्यानं मान दुसरीकडं फिरवली. भला माणूस, पण नोकरी होती.

नामाजीनं काठी उचलली. धनगराची काठी दगडावर वाजवायची असते, शेळीच्या पुढं टेकवायची असते. त्यानं ती कबरीच्या पाठीवर मारली. एकदा मारली, ती नुसती थरथरली. दुसऱ्यांदा जोरानं मारली, तेव्हा ती कळवळून मागं सरली. मग तो मारतच सुटला, रडत आणि मारत, काळ्या दगडापर्यंत.

"डावी!" तो ओरडत होता. "डावी वाट! डावी!"

शेळ्या पांगल्या, मग कबरीमागं एकेक करून माळाकडे निघाल्या. नामाजी काठी टाकून दगडावर बसला. खालून सत्यभामाबाई चढून आली. तिनं काठी उचलली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि शेळ्यांमागं माळाची वाट धरली.